चाळिशी लागली

'चाळिशी' हा शब्द मराठीत वयालाही चालतो आणि चष्म्यालाही. आमच्याकडे दोन्ही एकदमच आल्या. ती नाकावर चढवून आर. के. लक्ष्मण यांच्या व्यंगचित्रांचा जुना संग्रह उघडला, आणि पहिली गोष्ट स्वच्छ दिसली ती ही, की त्यांच्या 'कॉमन मॅन'मध्ये आणि आपल्यात आता फारसा फरक उरलेला नाही. तेच टक्कल, कानांवर तेच झुपके. चौकड्यांचा कोट आणि धोतर तेवढं शिवायचं-घ्यायचं बाकी!

लहानपणी आम्ही पोरं त्याला 'आजोबा' म्हणत होतो. आता 'अहो' म्हणावंसं वाटतं. आणखी दहा वर्षांनी बहुधा 'अरे' म्हणेन.

कॉमर्सवाला असल्यामुळे हिशेब मांडल्याशिवाय चैन पडत नाही. १९५१ साली 'टाइम्स ऑफ इंडिया'त 'यू सेड इट' सुरू झालं तेव्हा लक्ष्मण तिशीचे. त्यांनी काढलेला हा गृहस्थ मात्र साठीचा वाटायचा. २०१५ साली लक्ष्मण गेले तेव्हा ते ९३ वर्षांचे होते. गृहस्थ आपले साठीचेच! म्हातारपण आगाऊ भरून टाकलं की पुढं व्याज चढत नाही, हे त्याला पहिल्याच दिवशी कळलं असावं. बोलला मात्र नाही कधी.

आमच्या काउंटरवर दर नोव्हेंबरात असे बरेच कॉमन मॅन येतात. पेन्शनसाठी हयातीचा दाखला द्यायचा असतो ना! माणूस समोर उभा, धापा टाकतोय, खोकतोय. पण मशीननं बोट ओळखल्याशिवाय तो जिवंत नाही. परवा एका आजोबांचं बोट मशीन घेईना. दहाही बोटं झाली. वयानं रेषा पुसट झालेल्या. मला काय बोलावं सुचेना. आजोबांनीच हात उताणे करून पाहिले आणि म्हणाले, "रेषा झिजल्या, साहेब. पण मी शिल्लक आहे. एंट्री मारून टाका!"

अख्खी रांग हसली. मागची काठीवाली आजीसुद्धा. पुढं कागदी दाखल्यावर त्यांची सही घेतली, काम झालं. पण त्यांचा हात थरथरत होता, हे मी पाहिलं. विनोद हा त्या थरथरीवर ठेवलेला पेपरवेट होता.

पंधरा वर्षांनी त्या रांगेत मीही असेन. झुपके तयार आहेत. पेपरवेट जमवायचा आहे.