हिरवळीचे माप, पाण्याचे माप

॥ श्री ॥



भोकरदनच्या नव्या घराभोवती हिरवळ लावली, तर ती कापणारा यंत्रमानव, म्हणजे कोणी न ढकलता बॅटरीवर आपोआप फिरणारे यंत्र, किती क्षमतेचा घ्यावा, हा काकांचा प्रश्न वरकरणी खरेदीचा असला तरी त्याचे उत्तर विहिरीपाशी सुरू होते.

अशा यंत्राची क्षमता चौरस मीटरमध्ये सांगतात आणि आपल्याकडे जागा गुंठ्यांत मोजतात. एक गुंठा म्हणजे 1,089 चौरस फूट, सुमारे 101 चौरस मीटर. पाच गुंठ्यांतून घर, ओटा, विहीर, गाडीची वाट आणि झाडांची आळी वजा जाऊन गवताला दोनच गुंठे उरत असतील, तर हिशेब 500 चौरस मीटरचा न धरता 200 चा धरावा. मात्र छापील क्षमता मोकळ्या, सपाट जागेसाठी असते. झाडांना वळसे पडणार आणि रात्री बेडूक, साप बाहेर निघतात म्हणून यंत्र दिवसाच चालवायचे, हे लक्षात घेता 300 चौरस मीटरचे यंत्र पुरेसे ठरेल.

स्वीडनच्या हस्कवर्ना कंपनीने 1995 मध्ये सौरऊर्जेवरचे असे यंत्र बाजारात आणले, तेव्हापासून या यंत्रांची रीत एकच आहे: वरचेवर थोडे थोडे कापायचे आणि बारीक तुकडे खत म्हणून तिथेच पडू द्यायचे. अनेक यंत्रे सीमातारेने, म्हणजे हिरवळीच्या कडेने अंथरलेल्या विद्युततारेने, आपली हद्द ओळखतात. परंतु काळी जमीन उन्हाळ्यात भेगाळते व पावसात फुगते, त्यामुळे पुरलेली तार ताणली जाण्याचा धोका असतो, आणि चिखलात चाके रुततात ती वेगळीच.

खरा प्रश्न पाण्याचा आहे. एका चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाणी म्हणजे एक लिटर. उन्हाळ्यात रोज पाच मिलिमीटर धरले, तरी दोन गुंठ्यांना दररोज सुमारे हजार लिटर लागतात, आणि 2012-13 च्या दुष्काळात टँकरची वाट पाहिलेल्या जालना जिल्ह्यात एवढे पाणी गवताला घालणे योग्य नव्हे. म्हणून विलायती गवताऐवजी हरळी लावावी, जी शेतात तण म्हणून खुरपली जाते, पण पाण्यावाचून सुकली तरी जमिनीखालच्या खोडांतून मृगाच्या पावसावर पुन्हा फुटते. मग यंत्राला पावसाळ्यापुरतेच काम राहील, आणि एकच गुंठा हिरवळ राखली तर सर्वांत लहान यंत्रही पुरेल.

हरळी म्हणजेच दूर्वा. तेव्हा कुंपणालगतचा हातभर पट्टा यंत्राच्या हद्दीबाहेर ठेवावा, म्हणजे भाद्रपदात काकूंना गणपतीच्या जुड्यांसाठी कोवळे, न कापलेले तुरे अंगणातच मिळतील.



आपला पुतण्या