घुबडाचा मुखवटा आणि उसनी नावं

१९८७ साली इटलीत 'स्टेजफ्राइट' नावाचा एक पिक्चर आला. तिकडचं त्याचं नाव 'देलिरिया'. गोष्ट सांगायला दोन ओळी पुरतात. एक फुटकळ नाटक कंपनी रात्री थिएटरात तालीम करतेय, वेड्यांच्या इस्पितळातून पळालेला एक खुनी आत शिरतो, दार आतून बंद, आणि मग एकेक जण मरतो. बस. असले पिक्चर अमेरिकेत तोवर पोत्यानं निघाले होते. तरीही गेल्या चार वर्षांत मी हा सात वेळा पाहिलाय आणि आठव्यांदा बघायला कुणी सोबत असेल तर तयार आहे. (माझी रूममेट नाही. "अगं, माणसानं झोपावं की रात्री!" हे तिचं मत.)

खुनी घुबडाचं डोकं घालून फिरतो. हे डोकं तालमीतल्या नाटकाचं आहे, म्हणजे मंडळींनीच बनवून ठेवलेलं. माझी आजी सांगायची, घुबडाला दगड मारू नये, ते तो दगड नदीवर नेऊन घासतं आणि दगड झिजेल तसा मारणारा झिजतो. स्लॅशरमधले मुखवटे सहसा कोरे, निर्विकार असतात. हे मात्र पिसांचं, मोठ्या डोळ्यांचं, जवळजवळ गोड दिसणारं डोकं आहे. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला हसू आलं होतं. ते पंधरा मिनिटांत गेलं.

कुठे गेलं तेही सांगते. नाटकाचा दिग्दर्शक पीटर हा एक नंबरचा स्वार्थी माणूस. बाहेर कंपनीतल्या एका बाईचा खून झालाय, आणि याला त्यात पब्लिसिटी दिसते. तो नाटकातल्या खुन्याला त्या खऱ्या खुन्याचंच नाव देतो, रातोरात तालीम लावतो आणि कुणी पळू नये म्हणून दाराला कुलूप घालून किल्ली एका नटीला लपवायला सांगतो. मग तालीम सुरू. घुबड स्टेजवर येतं, त्या नटीचा गळा धरतं. पीटरला वाटतं, आत आपलाच नट आहे. तो खालून ओरडतो, मार तिला, मार. घुबड क्षणभर थांबतं आणि खरंच मारतं. सगळे बघत उभे. आणि किल्ली कुठे आहे हे त्या एकटीलाच माहीत होतं.

हा प्रसंग बघताना मला भीतीपेक्षा ओळख जास्त वाटली. डेडलाइनपायी दार लावून घेणारा माणूस आपण सगळ्यांनीच पाहिलाय.

दिग्दर्शक मिकेले सोआवीचा हा पहिला कथापट. त्याआधी तो दारिओ अर्जेंतोचा साहाय्यक होता, इतरांच्या पिक्चरमध्ये छोटी कामं करायचा. १९८५च्या 'डेमन्स'मध्ये अर्धा चेहरा धातूच्या मुखवट्याआड लपवून सिनेमाची फुकट तिकिटं वाटणारा माणूस तोच. 'स्टेजफ्राइट'मध्येही तो आहे. बाहेर पावसात गाडीत बसलेला एक तरुण पोलीस, जो आत माणसं कापली जात असताना आपण जेम्स डीनसारखे दिसतो का याचीच चौकशी करत बसतो. पैसे लावले जो दामातोनं. आणि इथून खरी गंमत सुरू होते, कारण जो दामातो नावाचा माणूस नव्हताच. त्याचं नाव आरिस्तिदे मास्साच्चेझी. पटकथा लिहिणारा ल्यू कूपर म्हणजे नट जॉर्ज ईस्टमन, आणि जॉर्ज ईस्टमन म्हणजे लुईजी मॉन्तेफिओरी. एका माणसावर दोन थर.

ही तिकडची जुनी रीत होती. सर्जिओ लिओनेनं १९६४ साली 'अ फिस्टफुल ऑफ डॉलर्स' केला तेव्हा पडद्यावर नाव लावलं बॉब रॉबर्टसन. मारिओ बाव्हा जॉन एम. ओल्ड झाला. उंबेर्तो लेन्झीनं १९८८चा 'घोस्टहाउस' हम्फ्री हंबर्ट या नावानं केला, हे नाव ऐकून मी अजूनही हसते. १९९०च्या 'ट्रोल २'चा ड्रेक फ्लॉइड म्हणजे क्लाउदिओ फ्रागास्सो. प्रेक्षकाला अमेरिकन माल हवा, वितरकाला अमेरिकन माल हवा, मग आपण अमेरिकन. आवाजही नंतर भरलेले असायचे. सेटवर कुणी इंग्रजीत, कुणी इटालियनमध्ये बोलायचं आणि डबिंगमध्ये सगळ्यांना सरसकट तिसऱ्याच कुणाचा गळा मिळायचा. त्यामुळे या पिक्चरांत माणसं बोलतात तेव्हा आवाज त्यांच्यापासून दोन बोटं लांब तरंगतो. लोक याला दोष म्हणतात. मला त्यानंच जास्त भीती वाटते.

माझं नाव ज्ञानेश्वरी. इंग्रजीत 'डी, एन, वाय' पासून सुरू होतं. नोकरीतल्या पहिल्याच क्लायंट कॉलवर पलीकडच्या बाईंनी ते वाचलं आणि म्हणाल्या, डॅनी. मी दुरुस्त करणार तेवढ्यात मॅनेजर सरांचा चॅटवर मेसेज, राहू दे, त्यांना सोपं पडतंय. तेव्हापासून सहा वर्षं मी डॅनी आहे. मेल आयडीत, तिकिटांवर, वाढदिवसाच्या ई-कार्डावर. आईला सांगितलं तर ती म्हणाली, "डॅनी म्हणजे तो व्हिलन ना गं?" कोडमध्ये तर तेवढंही नाव नाही. आमचं काम क्लायंटच्या नावानं जातं, तसा करारच आहे. याचं मला फार दुःख आहे असं नाही, पगार माझ्याच नावानं येतो. पण मास्साच्चेझीनं आयुष्यभर डझनावारी नावं वापरली हे वाचलं तेव्हा मी लॅपटॉप बाजूला ठेवून थोडा वेळ गॅलरीत जाऊन उभी राहिले, हे खरं.

नक्कल, नक्कल म्हणून या पिक्चरांना नावं ठेवली जातात. हिशेब एवढा सरळ नाही. बाव्हाचा 'अ बे ऑफ ब्लड' १९७१चा. तळ्याकाठी एकामागून एक तेरा जीव जातात. दहा वर्षांनी अमेरिकेत 'फ्रायडे द थर्टीन्थ'चा दुसरा भाग आला, त्यात भाल्यानं एकत्र भोसकलेलं जोडपं थेट बाव्हाचं वाटतं. त्याच्याही आधी 'जाल्लो' होताच. जाल्लो म्हणजे पिवळा. मोंदादोरी प्रकाशनानं १९२९पासून पिवळ्या मुखपृष्ठाच्या रहस्यकथा काढल्या, त्यावरून तो शब्द आला. म्हणजे माल आधी इटलीतून गेला, अमेरिकेत धुऊन इस्त्री होऊन आला, आणि मग इटालियन लोक इंग्रजी नावं लावून स्वतःचीच नक्कल करायला बसले. आपल्याकडे 'चाइल्ड्स प्ले'तल्या बाहुल्याचा तात्या विंचू झाला, तेव्हा निदान तो अस्सल मराठीत शिव्याशाप देत होता.

त्यांच्या निर्लज्जपणालाही दाद द्यावी लागते. 'ईव्हिल डेड' इटलीत 'ला कासा' नावानं लागला, म्हणजे 'घर'. त्याचा दुसरा भाग 'ला कासा २'. तिसऱ्याची वाट कोण बघणार? दामातोच्या 'फिल्मिराज' कंपनीनं स्वतःच 'ला कासा ३' काढला, तोच तो हम्फ्री हंबर्टवाला. मग ४, मग ५. मूळ पिक्चरशी संबंध शून्य. 'ट्रोल २' मध्ये तर एकही ट्रोल नाही.

पण हे सगळं कशावर उभं होतं बघा. सत्तरच्या दशकाच्या मध्यात इटलीत वर्षाला ५० कोटींहून जास्त सिनेमाची तिकिटं खपायची. १९८५पर्यंत आकडा जेमतेम १२ कोटींच्या आसपास आला. १९७६ साली न्यायालयानं खासगी स्थानिक टीव्हीला वाट मोकळी केली, १९८० साली बर्लुस्कोनीचं 'कनाले ५' आलं, आणि लोक घरीच बसून फुकटात पिक्चर बघू लागले. पैसा टीव्हीकडे गेला, मागोमाग माणसंही. १९८९ साली लुचिओ फुल्ची आणि लेन्झी यांच्याकडून टीव्हीसाठी चार भयपट बनवून घेतले गेले. फुल्चीच्या एकात म्हातारं जोडपं मरतं, घरातली घड्याळं उलटी फिरू लागतात आणि मेलेले उठून बसतात. चारही पिक्चर फार रक्ताळ ठरले, टीव्हीनं दाखवलेच नाहीत.

म्हणजे सोआवीनं पहिला पिक्चर केला तेव्हा दुकानाचं शटर अर्धं खाली आलेलं होतं. त्यालाही ते दिसत असणार. मी 'स्टेजफ्राइट' पुन्हा पुन्हा लावते ते यासाठी. हा पिक्चर घाईत आणि चणचणीत उरकता आला असता, कुणी विचारणारं नव्हतं. पण शेवटाकडे बघा. घुबडानं सगळी प्रेतं स्टेजवर नीट मांडलीत, पिसं उडताहेत, संगीत चालू आहे, आणि तो मध्ये खुर्चीत शांत बसलाय. किल्ली त्याच्या पायाशी फळ्यांच्या फटीत. अ‍ॅलिसिया स्टेजखाली, श्वास रोखून. कितीतरी वेळ कुणी काही बोलत नाही. जवळपास फुकटात बनलेल्या पिक्चरमध्ये एवढा वेळ घ्यायला छाती लागते. टेरी गिलियमनं हे काम पाहिलं आणि 'बॅरन मंचाउझन'साठी त्याला सेकंड युनिटचा दिग्दर्शक म्हणून नेलं. मग सोआवीनं आणखी तीन भयपट केले. शेवटचा, १९९४चा 'देल्लामोर्ते देल्लामोरे', हा त्या सबंध परंपरेतला शेवटचा मोठा पिक्चर मानतात. त्यानंतर मुलाच्या आजारपणामुळे तो बाजूला झाला, परतला तो टीव्हीवरच.

आमच्या टीममध्ये दोन वर्षांपूर्वी अकरा जण होतो, आता चार. उरलेलं काम एक टूल करतं. त्यानं लिहिलेला कोड तपासायचा आणि हो म्हणायचं, ही माझी सध्याची नोकरी. मागच्या महिन्यात एक जुनं मॉड्यूल आलं, जे वर्षभरात बंदच होणार आहे. सर म्हणाले, चालतंय ना, मग हात लावू नकोस. मी दोन शनिवार बसून ते नीट लिहून काढलं. व्हेरिएबल्सना धड नावं दिली, टेस्ट लिहिल्या. कमिटवर नाव डॅनीचंच गेलं. रूममेटनं विचारलं, "याचे पैसे मिळणारेत?" म्हटलं, नाही गं.

पंधरा तारखेला प्रोजेक्टच्या रिन्यूअलचं कळेल. तोवर लेन्झीचे ते टीव्हीनं न दाखवलेले दोन पिक्चर बघायचे राहिलेत.