जागा आणि पत्ता

आमचे वडील बंधू अण्णा आज चौऱ्यांशी वर्षांचे आहेत. वरणगांवच्या आयुधनिर्माणींतून निवृत्त झाल्यावर त्यांनीं घराण्याचा कुलवृत्तांत लिहावयास घेतला, तो विंडोज ९८ या प्रणालीवर चालणाऱ्या एका संगणकावर. पणजोबांच्या बाडांतील नोंदी, भुसावळास रेल्वेंत लागलेल्या चुलत्यांचीं पत्रें, माहेरवाशिणींनीं सांगितलेल्या हकीकती, सारें त्यांत आहे. युनिकोड रूढ होण्यापूर्वींच्या ज्या मराठी लिपींत तो लिहिला आहे, तिची कळ यंत्राच्या पाठीशीं खोंचलेली असावी लागते. मजकूर दुसऱ्या संगणकावर नेला तर अक्षरांऐवजीं नुसती गिचमीड दिसते. सबब तें यंत्र आमच्या घरांत एखाद्या वृद्ध आप्ताप्रमाणें सांभाळलें जातें.

गेल्या वैशाखांत अण्णांनीं वृत्तांतांत जुनीं छायाचित्रें घालावयास सांगितलीं. मग एकेक पान उघडावयास इतका वेळ लागूं लागला कीं, तोंवर चहा होऊन निवतही असे. तेव्हां आमच्या पुतण्यानें मोडींत निघालेल्या दुसऱ्या एका यंत्रांतील ग्राफिक्स कार्ड आणि रॅमच्या ५१२ मेगाबाइटच्या दोन पट्ट्या काढून यांत बसविल्या. पूर्वींची रॅम अवघी १२८ मेगाबाइट! एकदम आठपट जागा झाली म्हणून आम्ही संतुष्ट होतों. परंतु यंत्र चालू करतांच पडद्यावर सूचना उमटली: मेमरी अपुरी आहे.

अण्णा कांहींच बोलले नाहींत. चष्मा काढून ते ओटीवर जाऊन बसले. बाजारांतील एका दुरुस्तीवाल्यानें 'हें आतां भंगारांत घाला' असें सांगितलें, तेव्हांपासून घरांतलीं पोरेंसुद्धां हळू आवाजांत बोलूं लागलीं.

जागा वाढली असतां जागा अपुरी, हें कोडें उलगडावयास आम्हांस दोन रात्री लागल्या. त्याचें मर्म असें कीं, संगणकास नुसती जागा असून भागत नाहीं. प्रत्येक जागेस पत्ता लागतो. या प्रणालीजवळ पत्ते एकंदर ४ गिगाबाइटचे. पैकीं शेवटच्या १ गिगाबाइटमध्यें तिचा स्वतःचा कारभार चालतो. हार्ड डिस्कवरील मजकूर हाताशीं ठेवणारा एक कोठावळाही तेथेंच असतो. तो रॅम किती आहे हें पाहून आपल्या कोठाराची कमाल मर्यादा ठरवितो आणि माल येवो न येवो, तितके पत्ते आधींच अडवून बसतो. आमची आजी लग्नकार्याचे वेळीं 'पाहुणे येतील' म्हणून माजघर रिकामें राखी आणि घरचीं माणसें अंगणांत निजत, त्यांतलाच हा प्रकार! शिवाय ग्राफिक्स कार्डही चित्रांसाठीं मुख्य रॅममधून उसनी जागा घेतां यावी म्हणून त्याच आळींत २५६ मेगाबाइटचे पत्ते राखून होतें. दोघांनीं मिळून आळी व्यापली. इतर कामांस पत्ताच उरला नाहीं. रॅम मात्र रिकामी पडून होती.

उपाय साधाच निघाला. प्रथम एक पट्टी काढून ठेविली. यंत्र सुरू झालें. मग सिस्टिम डॉट आयएनआय या फाइलींत व्हीकॅश या मथळ्याखालीं मॅक्सफाइलकॅश ही ओळ घालून कोठाराची मर्यादा २,६२,१४४ किलोबाइट, म्हणजे २५६ मेगाबाइट, ठरवून दिली. ती ५१२ मेगाबाइटपर्यंत चालते. आम्हीं हात राखून ठेविली. बायॉसमध्यें जाऊन ग्राफिक्स कार्डाची राखीव जागा, जिला एजीपी ॲपर्चर म्हणतात, ती २५६ वरून ६४ वर आणली. नंतर काढलेली पट्टी परत बसविली.

अण्णांस हांक मारली. ते आले, तों पडद्यावर आमच्या मातोश्रींचें छायाचित्र उमटत होतें. बराच वेळ पाहून ते म्हणाले, "यंत्राचा दोष नव्हता रे. आपणच त्याला न विचारतां वाढलें."

खरें आहे. या प्रणालीस मिळणारा निर्मात्यांचा आधार २००६ च्या जुलैंतच संपला. तिच्या पोटांत किती मावतें हें जाणून घेणें आमचेंच काम होतें. म्हाताऱ्या माणसाच्या पानांतही आग्रहानें वाढण्यापूर्वीं आपण विचारतोंच कीं नाहीं?

त्याच आठवड्यांत आम्हीं वृत्तांताचीं सारीं पानें कागदावर छापून घेतलीं. आतां सुना व पुतण्या मिळून तीं युनिकोडमध्यें उतरवीत आहेत. एक जण वाचतो, दुसरा टंकितो, आणि अण्णा ओटीवरून नांवें दुरुस्त करतात.