आमच्या घरी कॉन्टेसा आली

२०२४ च्या दिवाळीनंतर मी घरात जाहीर केलं, की मला गाडी घ्यायची आहे. कोणाला आश्चर्य वाटलं नाही. तिशी आली होती, नोकरीला सात वर्षं झाली होती आणि स्कूटीचा आवाज कॉलनीतल्या कुत्र्यांनाही पाठ झाला होता. आईने लगेच मैत्रिणीच्या मुलाच्या गाडीचं मायलेज सांगितलं. बाबा म्हणाले, "ऑटोमॅटिक घे, क्लचचा त्रास नाही."

मग मी म्हणाले, "कॉन्टेसा घ्यायची आहे."

बाबांनी चष्मा काढला. "कॉन्टेसा? ती बंद झाली ना?"

"२००२ मध्येच. म्हणून जुनी घ्यायची. रिस्टोअर केलेली."

आतल्या खोलीतून आजीचा आवाज आला, "काय घेऊन राहिली गं ही?"

आमच्या बैठकीत एक फोटो आहे. आजोबा गळ्यात हार घालून एका लांबलचक पांढऱ्या गाडीच्या दाराशी उभे आहेत. आजोबा नागपूरचे. १ नोव्हेंबर १९५६ ला नवं मध्य प्रदेश राज्य झालं, राजधानी भोपाळला आली आणि नागपूरच्या सचिवालयातले कितीतरी मराठी कर्मचारी बाडबिस्तरा उचलून इथे आले. त्यांतले एक आजोबा, तेव्हा कारकून. पुढे वल्लभ भवन झालं, टी. टी. नगरला क्वार्टर मिळालं आणि निवृत्तीपर्यंत ते सायकलनेच ऑफिसला गेले. १९९० साली निवृत्तीच्या दिवशी साहेबांनी त्यांना घरी सोडायला आपली गाडी दिली. ती कॉन्टेसा. अडीच-तीन किलोमीटरचा प्रवास, एकदाच.

माझा जन्म नंतरचा. पण लहानपणी पाहुण्यांना तो फोटो दाखवायचं काम माझ्याकडे असायचं आणि मी आजोबांच्या आधी गाडी दाखवायची, हे आई अजून सांगते.

ज्यांनी ही गाडी पाहिलेली नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. हिंदुस्तान मोटर्सने ती १९८४ च्या सुमारास कोलकात्याजवळच्या उत्तरपाड्यात बनवायला सुरुवात केली. मूळ गाडी इंग्लंडची, व्हॉक्सहॉल कंपनीची. लांब बॉनेट, पुढे चार गोल दिवे, ताकद मागच्या चाकांना. हिला आपल्याकडे लाडाने 'भारताची मसल कार' म्हणतात. खऱ्या मसल कार अमेरिकेच्या. १९६४ ची पॉन्टियाक जीटीओ त्यांतली पहिली, असं बरेच जण मानतात. मध्यम आकाराच्या गाडीत तब्बल ६.४ लिटरचं, आठ सिलिंडरचं इंजिन! आणि आपल्या कॉन्टेसात सुरुवातीला काय होतं? ॲम्बॅसेडरचंच दीड लिटरचं इंजिन. बाबांना हे सांगितलं तर म्हणाले, "म्हणजे अंग पैलवानाचं आणि जीव कारकुनाचा."

पुढे जपानच्या इसुझू कंपनीचं १.८ लिटरचं इंजिन आलं, पाच गिअर आले, तेव्हा गाडीत खरी जान आली. आणि हे इंजिन हिंदुस्तान मोटर्स बनवायची कुठे, तर आपल्याच राज्यात, इंदूरजवळ पीथमपूरला. हे वाचल्यावर तर मी हट्टालाच पेटले.

हट्ट ठीक, पण पैसे? माझ्याकडे सहा लाख साठले होते. एवढ्या जुन्या गाडीवर माझ्या बँकेने कर्ज द्यायला नकार दिला, म्हणजे जे काही करायचं ते याच सहा लाखांत. बाबांच्या मनात हे पैसे कोलार रोडच्या फ्लॅटचं डाउन पेमेंट होते. ते ओरडले नाहीत. एवढंच म्हणाले, "पैसे तुझे आहेत. पण फसलीस तर मला वाईट वाटेल, आणि ते मी दाखवणार नाही, म्हणून जास्त वाईट वाटेल." यावर काय बोलायचं मला सुचलं नाही.

पहिली गाडी भोपाळच्याच एका डीलरकडे पाहिली. मागितलेली किंमत पावणेसात लाख. काळी कुळकुळीत, बॉनेटवर दोन पांढरे पट्टे, आत लाल सीट. मी तर उंबरठ्यावरच विरघळले. बाबा सोबत आले होते, 'फक्त बघायला.' बाबांची सगळी नोकरी भेलमध्ये गेली, लोखंडाशी त्यांचं जुनं नातं. त्यांनी खिशातून एक चुंबक काढलं, रुमालात गुंडाळलं आणि दाराच्या खालच्या भागाला लावलं. चुंबक खाली पडलं. दुसरीकडे लावलं, पुन्हा पडलं. मागच्या चाकाच्या वर तर ते धरलंच नाही.

"पत्रा नाही हा," बाबा हळूच म्हणाले. "पुट्टी आहे."

मी तोवर पुस्तकी तयारी बरीच केली होती, ती आठवली. कॉन्टेसाला वेगळी चासी नसते. गाडीचं अंग हाच तिचा सांगाडा. त्यामुळे खालचा पत्रा गंजला तर नुसती शोभा जात नाही, कणाच जातो. आम्ही पायाखालचं कार्पेट उचलायला सांगितलं. डीलर म्हणाला, चिकटवलंय, निघणार नाही. मग मी आर.सी. मागितली. गाडी दिल्लीची. त्यात काही गैर नाही. २०१५ च्या हरित लवादाच्या आदेशानंतर दिल्ली परिसरात दहा वर्षांवरच्या डिझेल आणि पंधरा वर्षांवरच्या पेट्रोल गाड्यांना रस्ता बंद झाला, तेव्हा कितीतरी गाड्या एनओसी घेऊन दुसऱ्या राज्यांत गेल्या. पण आर.सी.त रंग पांढरा होता आणि गाडी काळी. आर.सी.त इंधन पेट्रोल होतं आणि बॉनेटखाली भलत्याच कंपनीचं डिझेल इंजिन! असा बदल आरटीओच्या परवानगीने आर.सी.त चढवून घ्यावा लागतो. नाहीतर उद्या अपघात झाला आणि विमा कंपनीने हात वर केले, तर भांडायला तोंड राहत नाही.

डीलर बाबांना म्हणाला, "भाईसाहब, शौक की चीज़ में इतना नहीं देखते." बाबा म्हणाले, "गाड़ी इनको लेनी है, इनसे बोलिए."

परत येताना मी रडकुंडीला आले होते. बाबांनी न्यू मार्केटला गाडी थांबवून चहा पाजला आणि म्हणाले, "दुसरी बघू." 'बघ' नाही, 'बघू.' माझ्या लक्षात आलं, पण मी काही बोलले नाही.

दुसरी गाडी इंदूरला मिळाली. १९९५ चं मॉडेल, एमपी ०९ नंबर, इसुझूचं पेट्रोल इंजिन, मूळचाच पांढरा रंग. मालक एक निवृत्त काका. त्यांनी तीन वर्षं खपून गाडी स्वतःसाठी करून घेतली होती, आता गुडघे साथ देत नव्हते. यावेळी आम्ही जहांगीराबादच्या एका गॅरेजमधले उस्तादही सोबत नेले. त्यांचं अर्धं आयुष्य ॲम्बॅसेडर आणि कॉन्टेसा उघडण्यात गेलंय. त्यांनी मला आधीच बजावलं होतं, "बेटा, उनको बोलना गाड़ी पहले से चालू न करें." इंजिन थंड असतानाच त्याचा खरा स्वभाव कळतो. पोचल्या पोचल्या त्यांनी बॉनेटवर हात ठेवला, थंड होतं. मग चावी फिरवली. दुसऱ्या प्रयत्नात गाडी सुरू झाली. उस्ताद धावत मागे गेले आणि सायलेन्सरकडे बघत बसले. निळा धूर म्हणजे इंजिन ऑइल जाळतंय, काळा म्हणजे पेट्रोल जास्त जातंय. थोडी पांढरी वाफ आली आणि विरली. उस्तादांनी मान हलवली.

गाडी चमकत नव्हती. डाव्या दारावर रंगाचा किंचित फरक होता, डॅशबोर्डला एक चीर होती, मागच्या दिव्याची काच जोडलेली होती. पण काकांनी एक जाड फाइल पुढे ठेवली. प्रत्येक बिल आणि प्रत्येक टप्प्याचा फोटो. गंजलेला फ्लोअर कापला तेव्हाचा, नवा पत्रा वेल्ड केला तेव्हाचा, रंगाआधीच्या उघड्यावाघड्या गाडीचा. बाबा अर्धा तास ती फाइल वाचत होते. मग उठून त्यांनी चुंबक लावलं. सगळीकडे चिकटलं, फक्त त्या डाव्या दारावर एका जागी नाही. काका आपणहून म्हणाले, "तिथे भरलंय. सायकलवाला आपटला होता." उस्ताद बाबांना म्हणाले, "को खां, चुंबक तो आप हमसे अच्छा लगाते हो."

तेव्हा मला उमगलं, की रिस्टोअर केलेली गाडी घेताना आपण रंग विकत घेत नाही. रंगाखाली कोणी, काय, किती मन लावून केलं, ते विकत घेतो. पहिल्या गाडीत लपवलेलं बरंच होतं. दुसरीतही दोष होते, पण सगळे सांगितलेले.

इंजिन नंबर, चासी नंबर आर.सी.शी ताडून पाहिले. नोंदणी एप्रिल २०२५ ला संपत होती, तो मुद्दा धरून घासाघीस केली आणि पाच लाख चाळीस हजारांवरून पाच लाखांवर सौदा ठरला. उरलेले एक लाख उस्तादांनी राखून ठेवायला लावले. त्यांचा नियम असा, की जुनी गाडी घेताना सगळे पैसे मालकाला देऊन टाकायचे नाहीत, काही गाडीसाठी ठेवायचे. तो नियम आम्हाला त्याच दिवशी पटला. इंदूर-भोपाळ अंतर १९० किलोमीटर. देवास झालं, सोनकच्छ झालं, मी राणीसारखी चालवत होते आणि आष्ट्याजवळ तापमानाचा काटा वर चढू लागला. गाडी बाजूला घेतली. रेडिएटरच्या पाइपची पट्टी सैल झाली होती. उस्ताद उतरेपर्यंत बाबा बाह्या सरसावून बॉनेटखाली होते. इंजिन निवायची वाट बघत तिघांनी रस्त्याच्या कडेला पोहे खाल्ले. बाबांच्या शर्टाला ग्रीस लागलं होतं आणि इतके खूश मी त्यांना निवृत्तीनंतर पाहिलं नव्हतं.

नंतरचे पैसे कुठे गेले, तेही सांगते, कारण तुमच्यापैकी कोणाच्या डोक्यात हे वेड असेल तर उपयोग होईल. आता पंपावर वीस टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल मिळतं आणि ते जुन्या गाड्यांच्या रबराला सोसत नाही. म्हणून इंधनाचे सगळे पाइप आणि कार्बोरेटरचं रबर बदललं. टायर जुने होते, तेही बदलले. इंजिनाचे सुटे भाग मिळतात, कारण हेच इंजिन नंतर ॲम्बॅसेडरमध्येही आलं. पण काच, बीडिंग, दाराचे हँडल यांसाठी शोधाशोध करावी लागते. मालकी बदलाचा अर्ज तीस दिवसांच्या आत दिला. एप्रिलमध्ये तपासणी होऊन नोंदणी पाच वर्षांसाठी पुढे वाढली. ते शुल्क २०२२ पासून ६०० वरून ५,००० रुपये झालंय, आणि वीस वर्षांवरच्या गाड्यांसाठी तर ऑगस्ट २०२५ मध्ये १०,००० झालं. 'व्हिंटेज' म्हणून वेगळी नोंदणी होते, पण त्यासाठी गाडी पन्नास वर्षांपेक्षा जुनी लागते. आमची कॉन्टेसा तिच्या मालकिणीएवढीच आहे. शहरात लिटरला आठ किलोमीटर देते. हे आईला अजून सांगितलेलं नाही, ती हे वाचेल तेव्हा कळेल.

नोंदणीचं काम झालं त्या रविवारी मी आजीला म्हटलं, चल, चक्कर मारू. पंचाऐंशीची आजी इरकल नेसून तयार झाली. मी पुढचं दार उघडलं, तर ती मागे गेली. "ते मागं बसले होते." बाबा माझ्या शेजारी बसले. आम्ही वल्लभ भवनावरून निघालो आणि आजोबांच्याच रस्त्याने टी. टी. नगरला आलो. आमचं क्वार्टर आता नाही, स्मार्ट सिटीच्या कामात तिथली बरीच जुनी घरं पाडली गेली. मला जागा नक्की कळेना. आजीने काचेवर बोटाने टकटक केलं.

"थांबव. इथंच उभी होती मी, ताट घेऊन."

मी गाडी बंद केली. थोड्या वेळाने आजी म्हणाली, "मी ओवाळलं, ते उतरले, अन् गाडी गेली निघून. रात्री मला म्हणाले, तुला एक चक्कर मारून आणायला पाहिजे होतं. पण साहेबांच्या ड्रायव्हरला कसं म्हणावं?"

बाबा खिडकीबाहेर बघत होते. पस्तीस वर्षांत आजीने हे त्यांनाही सांगितलं नव्हतं.

मग आजी म्हणाली, "चल आता. बडा तालाबकडून घे. अन् हळू चालव, लोकं बघून राहिले."

खरंच बघत होते. व्हीआयपी रोडवर एका मुलाने बाइक शेजारी घेऊन विचारलं, "दीदी, कौन सी गाड़ी है?" मी उत्तर द्यायच्या आत मागून आजी म्हणाली, "कॉन्टेसा. हमारी है."

कोलारचा फ्लॅट दोन-तीन वर्षं पुढे गेलाय. बाबा दर रविवारी सकाळी बॉनेट उघडून बसतात आणि उस्तादांशी फोनवर माझ्यापेक्षा जास्त बोलतात. चुंबक आता गाडीच्या कप्प्यातच असतं. तुमच्यापैकी कोणी जुनी गाडी बघायला जाणार असेल तर मागून न्या, सोबत बाबाही मिळतील.