पुण्याहून कोइमतूरला, मोटारीने

सुट्टीत मोटारीने लांब जायचे ठरले की घरात दोन तट पडतात. यजमान आणि मुलगे एका बाजूला. किती तासांत किती किलोमीटर काटले, एवढाच त्यांचा हिशेब. दुसऱ्या बाजूला आपण, मांडीवर डबा आणि पायाशी पाण्याचा थर्मास घेऊन. गावे येतात नि जातात. घरी परतल्यावर कोणी विचारले, काय काय पाहिलेत, तर आठवतात ते टोलनाके! तेव्हा मैत्रिणींनो, या खेपेला थांब्यांची यादी तुम्ही करा. आणि करताना एक युक्ती लक्षात ठेवा : त्यांच्यासाठी मोटारींचे थांबे आधी घाला. मग तुमच्या गडाला नि धरणाला कोणी ‘उशीर होतोय’ म्हणत नाही, बघा.

पुणे ते कोइमतूर ही वाट त्यासाठी फार सोयीची. सगळे मिळून सुमारे अकराशे किलोमीटर, जाण्याचे सहा दिवस. निघायचे गुरुवारी. गुरुवारच का, ते पुढे सांगते.

पहिल्या दिवशी कोल्हापूर, जेमतेम २३० किलोमीटर. साताऱ्याजवळ आल्यावर कोणीतरी कासच्या पठाराची टूम काढीलच. कास सुंदर आहे यात शंका नाही, पण तो वेगळा दिवस मागतो. एका दिवसात दोन्ही करायला गेलात तर फुलेही धड दिसत नाहीत नि अंबाबाईची ओटीही घाईघाईने भरली जाते. कोल्हापुरात मोटारीचे निमित्त आहे छत्रपती घराण्याची १९३६ सालची मेबॅक. शाही दसऱ्याला ही जुनी जर्मन गाडी दसरा चौकात येते. तुमचा प्रवास दसऱ्याच्या सुमारास असेल तर वाराचा हिशेब बाजूला ठेवा आणि संध्याकाळी सोने लुटायला तिथे उभ्या राहा. एरवी न्यू पॅलेसमधले संग्रहालय आहेच.

दुसरा दिवस लांबचा, चारशेच्या वर. सहाला निघा. धारवाड-हुबळीला गाडी बाह्यवळणाने सुसाट पुढे जाते, पण धारवाडी पेढ्यासाठी गावात शिरायला लावा. संध्याकाळच्या खाण्याला दावणगेरेचा बेण्णे डोसा. बेण्णे म्हणजे लोणी, आणि ते हात आखडून घालत नाहीत. मुक्कामाला तासाभरावर चित्रदुर्ग.

चित्रदुर्गाचा किल्ला मात्र सकाळच्या उन्हातच पाहायचा. साडी असो की सलवार, पायांत पट्ट्याची चप्पल हवी, कारण वाट खडकांवरून आहे. सात तटांचा हा किल्ला अठराव्या शतकात हैदरअलीला सहजासहजी मिळाला नाही. कानडी लोक इथली जी गोष्ट सांगतात ती आपल्या घरातलीच वाटावी अशी आहे. ओबव्वा ही पहारेकऱ्याची बायको. नवरा जेवायला घरी आला, घरात पाणी नव्हते म्हणून ती भरायला गेली, आणि खडकातल्या एका फटीतून शत्रूचे शिपाई एकेक करून आत सरकताना तिला दिसले. नवऱ्याला ताटावरून न उठवता तिने भाताचे मुसळ उचलले नि फटीशी उभी राहिली. डोके आत आले की मुसळ! मुसळाला कानडीत ‘ओनके’ म्हणतात. म्हणून ती ओनके ओबव्वा. ती फट अजून दाखवतात. तिथे दोन मिनिटे उभे राहून पाहा, एवढ्याशा जागेतून माणूस वाकल्याशिवाय येऊच शकत नाही, हे ध्यानात येते आणि गोष्ट एकदम खरी वाटू लागते.

तिथून हिरियूरला आलात की बेंगळूरचा रस्ता सोडायचा. बेंगळूरच्या गर्दीत शिरण्याचे काहीच कारण नाही. हुळियार, नागमंगला करीत हा रस्ता थेट श्रीरंगपट्टणला उतरतो. सुरुवातीलाच थोडी वाट वाकडी केली तर वाणीविलास सागर पाहता येतो. १९०७ साली पुरे झालेले हे वेदवती नदीवरचे धरण. नाव आहे म्हैसूरच्या राणी केंपनंजम्मणी वाणीविलास सन्निधान यांचे, मुलगा लहान असताना त्यांनीच राज्य चालवले. डोंगरांच्या खिंडीत अडवलेले पाणी पाहत दशम्या-चटणी खायला यापेक्षा चांगली जागा या वाटेवर नाही.

रात्री म्हैसूर. दुसऱ्या दिवशी रविवार येतो, आणि म्हणूनच गुरुवारी निघायचे : दसऱ्याचे दिवस सोडले तर म्हैसूरचा राजवाडा दिव्यांनी उजळतो तो रविवारी आणि सरकारी सुट्ट्यांना. सकाळी मंडळींना श्रीरंगपट्टणजवळच्या ‘पयण’ संग्रहालयात सोडा. पयण म्हणजे प्रवास. धर्मस्थळचे वीरेंद्र हेगडे यांनी जमवलेल्या जुन्या मोटारी २०२३ पासून तिथे मांडल्या आहेत. तुम्हाला कंटाळा आला तर तासाभराने बाहेर पडा, कावेरी जवळच आहे.

सोमवारी बंदीपूरच्या जंगलातून उटी. हा रस्ता रात्री नऊ ते सकाळी सहा वाहनांना बंद असतो, तेव्हा वेळ सांभाळा. जंगलात थांबायचे नाही, डबा उघडायचा नाही. तेप्पकाडूला रस्ता फुटतो. मसिनगुडीची वाट जवळची, पण तिच्यावर कल्लट्टी घाटाची ३६ वळणे आहेत. गुडलूरची लांबची पण सोसवणारी. घरात कोणाला गाडी लागत असेल तर गुडलूरचाच हट्ट धरा, आणि आवळासुपारी हाताशी ठेवा, सामानाच्या तळाशी नको. निलगिरीत बाहेरच्या गाड्यांना २०२४ पासून ई-पास लागतो. तो निघण्यापूर्वीच फोनवर काढावा. प्लॅस्टिकच्या बाटल्यांनाही तिथे मज्जाव आहे. म्हणजे आपला जुना थर्मासच खरा.

उटीहून कुन्नूरमार्गे उतरताना दातेरी रुळांवर चालणारी छोटी आगगाडी दिसली तर तुमचे नशीब.

मंगळवारी कोइमतूर, आणि तिथले जीडी कार म्युझियम. जी. डी. नायडूंनी १९२० साली एक बस घेऊन पोल्लाची ते पळणी स्वतः चालवायला सुरुवात केली. पुढे मोठे कारखानदार झाले. त्यांच्या घराण्याने २०१५ साली हे संग्रहालय उघडले. गाड्यांपुढे मुलगे आ वासून उभे असतील तेव्हा त्यांना बर्था बेंझची गोष्ट जरूर सांगा. कार्ल बेंझ हे मोटारीचे जनक. पण त्यांच्या धंद्यात बर्थाच्या हुंड्याचे पैसे होते, आणि मोटारीचा पहिला लांबचा प्रवासही तिचाच. ऑगस्ट १८८८ मध्ये नवऱ्याला न सांगता दोन मुलग्यांना घेऊन ती मानहाइमहून फोर्त्सहाइमला, म्हणजे चक्क माहेरी, निघाली. अंतर शंभरेक किलोमीटर. तेलाची नळी तुंबली ती टोपीच्या पिनेने मोकळी केली, इंधन औषधाच्या दुकानातून घेतले, ब्रेक झिजले तेव्हा चांभाराकडून त्यांना चामडे लावून घेतले. चढावर मुलांनी गाडी ढकलली. चढ-उतारांसाठी गाडीत काय सुधारायला हवे, तेही तिने नवऱ्याला सांगितले.

संग्रहालयातून बाहेर पडलात की दुपार तुमची. कोइमतूर वेट ग्राइंडरसाठी प्रसिद्ध, आणि इडलीचे पीठ दगडावर वाटलेले ते वेगळेच. मात्र हे यंत्र चांगलेच वजनदार असते. घ्यायचे असेल तर डिकीतली जागा पुण्याहूनच राखून निघा, नाहीतर परतीचे अकराशे किलोमीटर तेही आपल्याच पायाशी येईल.