रिकाम्या जागेचा पत्ता

नोकरी शोधणारा मुलगा कंपनीचं नाव शोधत नाही. तो मोबाइलवर 'सीएनसी ऑपरेटर जॉब चाकण' असं टाकतो, नाहीतर 'आयटीआय फिटर नोकरी पुणे'. कंपनी ठाऊक असती तर त्यानं एव्हाना गेटवर बायोडेटा देऊन टाकला असता. कंपन्यांची करिअर पेजेस सर्च इंजिनला दिसतील अशी करणं हे माझं काम, आणि ते मी या मुलाकडे बघून करते. कारखान्यातली जागा त्याला गूगलवर दिसली नाही, तर ती त्याच्यापर्यंत व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपमधून येते. मध्ये एखादा एजंट असतो आणि तो पैसे मागतो.

चाकण, रांजणगाव, वाळूज, सातपूर इथल्या कितीतरी कारखान्यांच्या वेबसाइटवर करिअरचं पान असतं, पण त्यावर जागा नसते. 'आपला सीव्ही एचआरला मेल करा' एवढी एक ओळ असते. कुठे पाच पदांची मिळून एक पीडीएफ असते. कुठे व्हॉट्सअ‍ॅपसाठी बनवलेलं पोस्टरच चिकटवलेलं असतं. त्या पोस्टरवर पद, पात्रता, वॉक-इनची तारीख सगळं असतं, पण ते चित्रात. सर्च इंजिनला त्याचा जवळजवळ काहीच उपयोग नाही.

मोठ्या कंपन्यांचं दुखणं वेगळं. भरतीचं सॉफ्टवेअर त्या बाहेरून घेतात आणि ते आपल्या पानावर आयफ्रेममध्ये बसवतात. माणसाला वाटतं, जागा कंपनीच्या साइटवर आहेत. प्रत्यक्षात त्या सॉफ्टवेअरवाल्याच्या पत्त्यावर असतात. काही ठिकाणी सगळ्या जागा एकाच यूआरएलवर असतात आणि पद बदललं की फक्त हॅशच्या चिन्हापुढची अक्षरं बदलतात. हॅशनंतरचा भाग गूगल धरत नाही. म्हणजे जागा चाळीस असोत की चार, त्याच्या लेखी पान एकच. म्हणून माझी पहिली मागणी ठरलेली असते: प्रत्येक जागेला स्वतःचा यूआरएल द्या.

तो मिळाला की मी पेज सोर्स उघडते. स्क्रीनवर दिसणारं पदाचं वर्णन सोर्समध्ये बहुतेक वेळा नसतंच, जावास्क्रिप्ट ते मागून आणून ठेवते. गूगलचा पानं वाचणारा प्रोग्रॅम, गूगलबॉट, 2019 पासून ताज्या क्रोमच्या इंजिनवर चालतो, त्यामुळे असं पान तो वाचू शकतो. पण तो बटणं दाबत नाही. 'आणखी जागा पाहा' या बटणामागे दडलेली पदं त्याला सापडायची, तर प्रत्येकाची साधी लिंक हवी आणि यूआरएल साइटमॅपमध्ये, म्हणजे साइटवरच्या पानांच्या यादीत, हवा. मग नोइंडेक्स तपासायचं. साइट अर्धवट असताना ती गूगलनं उचलू नये म्हणून डेव्हलपरनं ते लावलेलं असतं आणि साइट लाइव्ह झाल्यावर काढायचं राहून जातं.

यानंतरचा भाग मला मनापासून आवडतो. गूगल, बिंग आणि याहू यांनी 2011 साली मिळून स्कीमा डॉट ऑर्ग सुरू केलं. पानावर काय आहे हे यंत्राला ठरलेल्या शब्दांत सांगण्याची ती सोय. त्यात नोकरीसाठी 'जॉबपोस्टिंग' आहे. गूगलचा नोकऱ्यांचा वेगळा चौकोन अमेरिकेत 2017 ला आला, भारतात 2018 ला, आणि तो याच मार्कअपवर चालतो. पदाचं नाव, वर्णन, जाहिरातीची तारीख, नोकरी देणारी कंपनी आणि कामाचं ठिकाण एवढं त्याला लागतंच. पाच रकाने, पण ते भरताना कंपनीला आपली जागा पहिल्यांदाच नीट बघावी लागते.

ठिकाणाचंच घ्या. एका कंपनीच्या सगळ्या जागांवर पुण्याच्या हेड ऑफिसचा पत्ता होता. प्लांट रांजणगावला. एचआरच्या मॅडम म्हणाल्या, "अहो, कंपनीचा रजिस्टर्ड पत्ता तोच आहे ना!" पण हा रकाना माणूस रोज कामावर कुठे येणार, ते विचारतो. शिरूरच्या मुलाला रांजणगाव जवळ आहे, आणि त्याच्या मोबाइलवर ती जागा पुण्यात दिसत होती. पत्ता बदलायला पाच मिनिटं लागली.

पदाच्या नावावर मात्र वाद होतात. सिस्टीममध्ये हुद्दा असतो 'असोसिएट, ऑपरेशन्स, ग्रेड 2'. शॉप फ्लोअरवर त्याच माणसाला सगळे व्हीएमसी सेटर म्हणतात, आणि मोबाइलवर तेच शोधलं जातं. 'असोसिएट' कोण शोधणार? मी सेटरचा आग्रह सोडत नाही. त्या नावात 'तातडीने पाहिजेत', पगार, पदाचा कोड असलं काही घालायचं नाही, गूगलचाही तसाच नियम आहे. पगार स्वतंत्र रकान्यात, महिन्याचा की वर्षाचा ते स्पष्ट सांगून द्यावा. तो सक्तीचा नाही, तरी मी मागते. बारावीनंतर आयटीआय केलेल्या मुलाला खोलीभाडं देऊन हाती काय उरेल, हे अर्ज करण्याआधी कळायलाच हवं. आणि मार्कअपमध्ये जे लिहिलं, ते पानावरही वाचता आलं पाहिजे. यंत्राला एक आणि माणसाला दुसरं सांगणं नियमातही बसत नाही, मलाही पटत नाही.

माझं सगळ्यात जास्त भांडण होतं ते जागा भरल्यानंतर. "राहू द्या ना मॅडम, सीव्ही येत राहतील, पुढे उपयोगी पडतील." मी ऐकत नाही. भरलेली जागा बघून एखादा मुलगा खाडा करून, एसटीचं तिकीट काढून गेटवर येतो आणि सिक्युरिटी त्याला परत पाठवतो. त्याचा त्या दिवसाचा रोज बुडाला, त्याची भरपाई कोण देणार? कंपनीला पुढच्यासाठी सीव्ही हवे असतील, तर त्याचं वेगळं पान करावं, तसं स्पष्ट लिहावं आणि त्यावर जॉबपोस्टिंगचं मार्कअप लावू नये. मुदत संपलेल्या जागा तशाच ठेवल्या तर गूगलही कारवाई करतं, आणि त्या बाबतीत मी गूगलच्या बाजूची आहे.

भरलेली जागा काढणं नुसती आठवण ठेवून होत नाही, कारण जागा भरते त्या दिवशी एचआरकडे आणखी शंभर कामं असतात. म्हणून ते मी सॉफ्टवेअरमध्येच बांधून घेते. उमेदवारानं ऑफर स्वीकारली आणि स्टेटस 'भरली' झालं, की पानावरून मार्कअप निघतं, साइटमॅपमधून यूआरएल जातो, पान 410, म्हणजे 'हे पान आता नाही', असं उत्तर देऊ लागतं आणि इंडेक्सिंग एपीआयमधून गूगलला तसं कळवलं जातं. नोकऱ्यांच्या पानांसाठी गूगलनं हा एपीआय मुद्दाम खुला ठेवला आहे. नवीन जागा टाकताना तो सगळे वापरतात. मी आधी विचारते, जागा काढताना वापरता का?