चाळीस जुनी गाणी

धर्मगुरूच्या कपाटात काय काय असावे, याविषयी धर्मग्रामस्थांच्या काही ठाम कल्पना असतात. बायबल, प्रार्थनाविधीची पुस्तके, जुन्या प्रवचनांच्या वह्या, झालेच तर कुणी लुर्द्सहून आणलेली पवित्र पाण्याची बाटली. काही वर्षांपूर्वी एक माउली आपल्या अठरा वर्षांच्या चिरंजीवांना घेऊन आमच्याकडे आल्या. मुलाने केस वाढवले होते, गिटार घेतली होती आणि घरात रॉक संगीत लावून तो सगळ्यांची झोप उडवीत असे. "फादर, ह्याला जरा समजावा," असे म्हणून त्या डोळ्यांना पदर लावू लागल्या. आम्ही त्याला अभ्यासाविषयी चार शब्द सांगितले. त्यांच्या पाठीमागच्या कपाटात, वहीच्या गठ्ठ्याआड, 'द जोशुआ ट्री' नावाची एक कॅसेट होती, ही गोष्ट मात्र सांगितली नाही. आज सांगून टाकतो.

1989 साली आम्ही सेमिनरीत तत्त्वज्ञानाचे विद्यार्थी होतो. आमच्या एका सहाध्यायी ब्रदरचे मामा मस्कतला नोकरीला होते. त्यांनी सुट्टीत येताना ती कॅसेट आणली. दुपारच्या विश्रांतीच्या वेळी, खिडकी लावून, आवाज अगदी बारीक करून आम्ही चौघांनी ती ऐकली. पहिलेच गाणे 'व्हेअर द स्ट्रीट्स हॅव नो नेम'. आरंभी दुरून ऑर्गनसारखे सूर येतात, एखाद्या रिकाम्या चर्चमध्ये कुणीतरी सराव करीत बसावे तसे. मग गिटारीचे थेंब पडू लागतात, तीनच्या ठेक्याचे चारच्या ठेक्यात रूपांतर होते आणि ड्रम धावू लागतात. आम्हांला त्या वयात दोनच गोष्टी हव्या होत्या : देव आणि मोकळे आकाश. त्या गाण्यात दोन्ही एकाच वेळी होते. या गाण्याचा आरंभ जुळवताना निर्माते ब्रायन ईनो इतके जेरीस आले होते, की त्यांनी ती टेपच पुसून टाकायचे ठरवले होते आणि एका ध्वनितंत्रज्ञाने त्यांना आवरले, हे आम्ही पुष्कळ वर्षांनी वाचले. त्या अनाम हाताला आम्ही मनोमन आशीर्वाद दिला.

ज्या वाचकांना 'यूटू' हे नाव परके आहे, त्यांच्यासाठी थोडे सांगणे भाग आहे. 1976 साली डब्लिनच्या एका शाळेत लॅरी मलन या चौदा वर्षांच्या मुलाने फलकावर चिठ्ठी लावली, की वाद्यवृंद काढायचा आहे, कुणी येणार का? त्यांच्या घरच्या स्वयंपाकघरात मुले जमली. त्यांतील चौघे टिकले. लॅरी ड्रमवर, अ‍ॅडम क्लेटन बेस गिटारवर, 'द एज' या टोपणनावाचा डेव्हिड एव्हन्स गिटारवर आणि गायक पॉल ह्युसन, ज्याला जग बोनो म्हणून ओळखते. बोनोचे वडील कॅथलिक, आई प्रॉटेस्टंट. आयर्लंडसारख्या देशात त्या काळी असे घर म्हणजे एकाच छपराखाली दोन घरे. मुले आईबरोबर तिच्या चर्चला जात, वडील आपल्या मिस्सेला. 1974 साली, बोनो चौदा वर्षांचा असताना, आई आपल्या वडिलांच्या अंत्यविधीच्या वेळी कोसळली आणि काही दिवसांतच वारली. 'आय विल फॉलो' हे त्यांच्या पहिल्या संचातील पहिले गाणे त्या आईविषयी आहे.

पण सेमिनरीतल्या आम्हा पोरांना यांचा जो विशेष लळा लागला, त्याचे कारण निराळे. अ‍ॅडम सोडून उरलेले तिघे 'शालोम' नावाच्या एका प्रार्थनागटात जात असत. देवाची सेवा करायची तर हे गाणेबजावणे सोडा, असा दबाव तेथे त्यांच्यावर आला. 1981 च्या 'ऑक्टोबर' या दुसऱ्या संचाच्या सुमारास द एज तर वाद्यवृंद सोडण्याच्या काठावर येऊन उभा होता. अखेर त्यांनी गट सोडला, गाणे ठेवले, आणि श्रद्धाही टाकली नाही. त्याच संचात 'ग्लोरिया' नावाचे गाणे आहे, त्याचे पालुपद लॅटिनमध्ये आहे! आमच्यापैकी प्रत्येकजण त्या वेळी, काय सोडायचे आणि काय ठेवायचे, याच हिशेबात रात्री जागत होता. आध्यात्मिक मार्गदर्शकांना जे विचारायचे धाडस होत नव्हते, ते आम्ही त्या कॅसेटला विचारीत होतो.

मग 'वॉर' ऐकला. 1983 चा. त्यात 'संडे ब्लडी संडे' आहे. 30 जानेवारी 1972 रोजी डेरी शहरात ब्रिटिश सैनिकांनी नागरी हक्कांच्या मोर्चावर गोळ्या झाडल्या, तेरा माणसे त्याच दिवशी मेली, चौदावा पुढे गेला. त्या रविवारचे हे गाणे. लॅरीचे ड्रम त्यात सैन्याच्या कूचासारखे वाजतात. ते ध्वनिमुद्रण स्टुडिओच्या जिन्यात केले होते, म्हणून त्याला तो दगडी घुमारा आहे. आणि त्या संचाच्या शेवटी 'फॉर्टी' : चाळिसावे स्तोत्र. (लॅटिन व्हल्गेट बायबलमध्ये तेच एकोणचाळिसावे, हे तेव्हाच्या आमच्या पंडितीप्रमाणे नमूद करतो.) देवाने स्तोत्रकर्त्याला चिखलातून वर काढले, खडकावर उभे केले आणि त्याच्या मुखात नवे गीत घातले, असे ते स्तोत्र. कार्यक्रमाच्या शेवटी हे गाणे म्हणत एकेक वादक वाद्य ठेवून निघून जाई आणि रिकाम्या रंगमंचासमोर लोक गात राहत. दीक्षाविधीनंतरच्या आमच्या पहिल्या प्रवचनाचा विषय हेच स्तोत्र होते. ते कुठून सुचले, हे कुणी विचारले नाही.

वर्षे गेली. संच येत राहिले. 1991 चा 'आख्तुंग बेबी' आम्हांला उशिरा कळला, पण कळला. 1997 चा 'पॉप' आवडला नाही. 1999 साली बोनो गरीब राष्ट्रांच्या कर्जमाफीच्या मागणीसाठी पोप दुसरे जॉन पॉल यांना कास्टेल गांडोल्फो येथे भेटला आणि महोदयांनी त्याचा निळा चष्मा डोळ्यांना लावून पाहिला, त्या बातमीने आम्ही मुलासारखे हरखलो. 2014 साली त्यांनी आपला संच पन्नास कोटी लोकांच्या आयट्यून्स खात्यांत न विचारता टाकला, तेव्हा लोक संतापले आणि बोनोला क्षमा मागावी लागली. आम्ही तेव्हाही त्यांची बाजू घेतली. प्रेमात माणूस वकील होतो.

आणि 15 डिसेंबर 2019 चा रविवार! आगमनकाळाचा तिसरा रविवार, ज्याला आपण आनंदाचा रविवार म्हणतो. सकाळच्या तिन्ही मिस्सा आटोपून आम्ही धर्मग्रामातील दोन तरुणांबरोबर नेरूळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर गेलो. 'यूटू'चा भारतातील तो पहिला कार्यक्रम. 'द जोशुआ ट्री' त्यांनी सबंध वाजवला. ए. आर. रहमान आपल्या मुलींसह 'अहिंसा' हे गाणे घेऊन त्यांच्याबरोबर उभे राहिले. ते ऑर्गनचे सूर सुरू झाले तेव्हा आमच्या शेजारचा तरुण म्हणाला, "फादर, तुम्ही रडताय?" आम्ही धुळीचे कारण सांगितले.

हे सारे एवढ्याचसाठी सांगितले, की पुढची निराशा किती खोल होती ते कळावे.

17 मार्च 2023 रोजी त्यांचा नवा संच आला, 'साँग्ज ऑफ सरेंडर'. 2017 नंतर पाच वर्षांहून अधिक काळ आम्ही वाट पाहिली होती. तो दिवस संत पॅट्रिकचा सण, आणि आमच्याकडे प्रायश्चित्तकाळातील शुक्रवार. संध्याकाळी क्रुसाची वाट झाली, पेज घेतली आणि धर्मगुरुनिवासाच्या गच्चीवर कानांना यंत्र लावून बसलो. चाळीस गाणी, अडीच तासांहून अधिक. पण नवे एकही नाही. चाळीसही जुनी, टाळेबंदीच्या काळात द एजने पुन्हा बांधलेली. चार भागांना चौघांची नावे, प्रत्येकी दहा गाणी. जेथे गिटार धावत होती तेथे पियानोचे मोजके सूर. 'संडे ब्लडी संडे'मधून ते कूच करणारे ड्रमच गेलेले, उरली साधी गिटार आणि एक दबका आवाज. काही गाण्यांचे शब्दही बदललेले. लॅरीच्या नावाच्या भागातसुद्धा ड्रम शोधावे लागतात. आणि आमचे ते पहिले गाणे, धावण्याचे गाणे, आता आरामखुर्चीत बसून म्हटल्यासारखे.

आम्हांला राग आला. साठी ओलांडलेल्या माणसाचा आवाज विशीतल्या उंचीला पोहोचणार नाही, हे आम्हांला समजते. आम्हीही आता उंच वेदीच्या पायऱ्या मोजून चढतो. पण थकला असाल तर गप्प बसा, जुने ध्वनिमुद्रण आहेच. आमच्या तारुण्याला शाल गुंडाळून ते परत आमच्या हाती देण्याचा अधिकार तुम्हांला कुणी दिला? स्तोत्रात नव्या गीताची गोष्ट आहे, आणि तुम्ही तेच स्तोत्र चाळिसाव्या जागी ठेवून जुने गीत मऊ करून म्हणता? दुसऱ्या दिवशी गायकवृंदातील एका तरुणाजवळ आम्ही हे सारे ओकलो. तो शांतपणे म्हणाला, "पण फादर, शब्द तर बहुतेक तेच आहेत ना?"

"शब्द तेच आहेत रे, पण आमचं गाणं हे नव्हे," आम्ही म्हणालो, आणि म्हणता म्हणता थबकलो. हे वाक्य आमचे नव्हतेच.

त्या धर्मग्रामात एक निवृत्त मास्तर होते. तीस वर्षे गायकवृंद त्यांनी सांभाळला, व्हायोलिन घेऊन. क्रुसाच्या वाटेला तेथे एक जुने मराठी गीत म्हणत, ठसक्यात, सारे चर्च एका आवाजात. टाळेबंदीनंतर चर्च पुन्हा उघडली तेव्हा, 2022 च्या प्रायश्चित्तकाळात, आम्ही ते गीत संथ करवले. व्हायोलिन बंद, की-बोर्डवर दोन मुली, पहिली दोन कडवी फक्त त्याच म्हणणार. अधिक चिंतनशील, असे आमचे मत होते. मास्तर कार्यालयात आले आणि उभ्यानेच म्हणाले, "फादर, शब्द तेच आहेत, पण आमचं गाणं हे नव्हे." आम्ही त्यांना बसवले आणि दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेची पवित्र उपासनेवरील घटना समजावून सांगितली. वीस मिनिटे. त्यांनी ऐकून घेतले. त्यानंतर ते मिस्सेला मागच्या बाकावर बसू लागले, आणि आम्ही समजलो की वयामुळे.

पवित्र आठवड्यापूर्वी आम्ही त्यांच्या घरी गेलो. क्षमा मागायचे ठरवून गेलो होतो, पण आम्ही आरंभ केला तो त्या संचापासून. मास्तर म्हणाले, "ऐकवा बघू." जुने 'फॉर्टी' ऐकवले. त्यांची बोटे गुडघ्यावर हलली. मग नवे ऐकवले. डोळे मिटून त्यांनी ते शेवटपर्यंत ऐकले आणि म्हणाले, "मला हे दुसरं बरं वाटलं, फादर. पहिल्यात आवाज मोठा आहे. ह्यात माणूस थकलाय, पण अजून म्हणतोय."

आम्ही वाद घातला. त्यांनी मान हलवली, पण मत बदलले नाही. आमचेही आजवर बदललेले नाही. तो संच आम्ही पुन्हा सबंध ऐकलेला नाही.

"मास्तर," आम्ही अखेर म्हणालो, "त्या वेळी आमचं चुकलं. शुक्रवारी तुम्ही व्हायोलिन घेऊन या. जुन्याच चालीत म्हणू."

त्यांनी आपला डावा हात पुढे केला. बोटे वाकली होती, दोन तर मिटतच नव्हती. "गेल्या पावसाळ्यापासून," ते म्हणाले. "व्हायोलिन नातीला दिलं."

थोडा वेळ कुणी काही बोलले नाही. मग आम्ही खिशातली डायरी काढली आणि ती चाल सांगायला सांगितली, कारण ती कुठेही लिहिलेली नव्हती आणि त्या दोन मुलींना फक्त आमची संथ चाल ठाऊक होती. मास्तर हळू आवाजात गाऊ लागले, आम्ही सारेगम लिहून घेऊ लागलो. पहिले कडवे झाले. दुसऱ्याच्या तिसऱ्या ओळीशी ते अडले. पुन्हा मागून आले, पुन्हा तेथेच अडले. आम्हीही प्रयत्न करून पाहिला, पण आमच्या कानांत आता संथ चालच बसली होती. तेवढ्यात स्वयंपाकघरातून, भांडी घासता घासता, त्यांच्या पत्नींनी ती ओळ म्हटली, ठसक्यात, जशीच्या तशी. मास्तर हसले. आम्ही त्यांना बाहेर बोलावून ती ओळ आणखी दोनदा म्हणायला लावली आणि लिहून घेतली.